डोळा जिथे थांबतो

दुसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला 45 ते 60 शब्द अर्थ समजून वाचावेत आणि तिसरीच्या अखेरीस किमान 60, असं उद्दिष्ट 2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानं ठरवलेलं आहे. शिरपूर किंवा चोपडा तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत ते तपासायचं म्हणजे गुरुजी मोबाइलवर वेळ लावतात, मूल उताऱ्यावर बोट ठेवतं आणि मोठ्यानं वाचू लागतं. मध्येच एखाद्या शब्दापाशी बोट थबकतं, आवाज थांबतो. मिनिट थांबत नाही. मूल अडखळलं अशी नोंद होते आणि सगळे पुढच्या मुलाकडे वळतात. ते का थांबलं, थांबल्यावर त्यानं मनात काय केलं, यासाठी तक्त्यात रकाना नसतो. वाचताना डोळा थांबतो तेव्हा मन बहुतेक वेळा कामाला लागलेलं असतं, हे सव्वाशे-दीडशे वर्षांच्या संशोधनातून पुढे आलेलं आहे. खानदेशातल्या मुलाला हे काम पुण्यातल्या मुलापेक्षा जास्त करावं लागतं, आणि आपण ते त्याच्या नावावर जमा करण्याऐवजी खर्ची टाकतो, असं माझं मत आहे.

डोळा ओळीवरून सरळ सरकत जातो असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. 1870च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एमिल जावाल या नेत्रवैद्याच्या प्रयोगशाळेत हे ध्यानात आलं की वाचणारा डोळा उड्या मारत जातो. एका जागी ठरतो, झेप घेतो, पुन्हा ठरतो. (हेच जावाल पुढे काचबिंदूनं अंध झाले आणि अंधांच्या जगण्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं.) सरावलेला वाचक एका जागी साधारण पाव सेकंद ठरतो. दिसायचं ते या ठरण्यातच दिसतं. झेपेच्या वेळी डोळा जवळजवळ काहीच टिपत नाही. स्वच्छ दिसणारा भागही फार लहान असतो, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढाच. इंग्रजी वाचणाऱ्यांच्या दर शंभर झेपांपैकी दहा-पंधरा मागे जाणाऱ्या असतात. म्हणजे पट्टीचा वाचकसुद्धा सारखा मागे वळून पाहत असतो. त्याचं वळणं कुणाला ऐकू येत नाही, एवढाच फरक.

हे टिपण्यासाठी माणसांनी जे सोसलं तेही सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या एडमंड ह्यूई यांनी एकोणिसावं शतक संपता संपता डोळ्याच्या बुबुळावर बसेल अशी प्लास्टर ऑफ पॅरिसची बारीक वाटी केली, तिला दिसण्यापुरतं भोक ठेवलं आणि ॲल्युमिनियमची काडी जोडली. डोळा हलला की काडी काजळी धरलेल्या कागदावर रेघ काढायची. त्यांचं वाचनाच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक 1908 सालचं. आजच्या आय-ट्रॅकरला डोळ्याला हात लावावा लागत नाही. न दिसणारा अवरक्त प्रकाश डोळ्यावर सोडायचा, बुबुळावरची त्याची चकाकी आणि बाहुलीची जागा कॅमेऱ्यानं टिपायची; चांगलं यंत्र हे सेकंदाला हजार वेळा करतं.

या मोजमापांतून निघालेली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की डोळ्याची ही चाल उपजत नसते, लिपी ती घडवते. मानसशास्त्रज्ञ कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की इंग्रजी वाचणाऱ्याला नजरेच्या ठिकाणापासून डावीकडची तीन-चार अक्षरं उपयोगी पडतात, तर उजवीकडची चौदा-पंधरापर्यंत. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. तिथं हे पारडं उलटं झुकतं. दोन्ही भाषा येणाऱ्या एकाच माणसाची नजर भाषेबरोबर आपला कल बदलते. देवनागरीचं तर आणखी वेगळं. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येते, उच्चारात नंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी 2002 साली हिंदी वाचकांवरचं काम प्रसिद्ध केलं. डोळ्याला आधी आणि जिभेला नंतर भेटणारी ही ऱ्हस्व वेलांटी असलेले शब्द उच्चारायला जास्त वेळ लागतो, असं त्यात आढळलं. वर रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. आपला डोळा आडवा चालताना उभंही वाचत असतो.

डोळा शब्द कसा घडवतो हे पाहायचं तर धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात जतन केलेली मोडी कागदपत्रं पाहावीत. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच गेले आणि त्यांच्या संग्रहासाठी पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जाई. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही. आपण छापील मजकुरावर वाढलेली माणसं मोकळ्या जागांच्या आधारानं झेप कुठे टाकायची ते ठरवतो. इंग्रजी मजकुरातल्या जागा काढून टाकल्या तर वाचनाचा वेग बराच घसरतो, हे प्रयोगांत दिसलंय. मोडी वाचणाऱ्याला तो आधार नाही. ‘राजश्री’, ‘दंडवत’, ‘विशेष’ अशी ठरीव वळणं ओळखीची झाली की नजर त्यांच्यावरून भराभरा जाते, आणि नवं गावाचं नाव आलं की तिथे ठाण मांडते. दोन अक्षरं या शब्दात घ्यायची की पुढच्यात, हे ठरल्याशिवाय वाक्य लागत नाही. जाणता मोडीवाचकही अशा ठिकाणी मागे जातो, पुन्हा येतो, ओठांत पुटपुटतो. त्याला कुणी अडखळला म्हणत नाही. कागद लावतोय म्हणतात.

आता पुन्हा शाळेत जाऊ. पुस्तकात ओळ आहे, ‘मुलगा शाळेत जातो.’ साक्री किंवा अमळनेर तालुक्यातल्या घरात हीच गोष्ट ‘पोऱ्या शायमा जास’ अशी सांगतात. तीन शब्दांचं वाक्य आहे आणि तिन्ही ठिकाणी काम आहे. पहिला शब्दच निराळा. दुसऱ्यात ‘ळ’चा ‘य’ झालेला आणि ‘त’च्या जागी ‘मा’. तिसऱ्यात धातू तोच, पण शेपूट वेगळं. 2011च्या जनगणनेत खानदेशी (म्हणजे प्रामुख्यानं अहिराणी) ही मराठीपासून वेगळी मोजलेली आहे आणि ती मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या 18 लाखांच्या वर आहे. ग्रिअर्सन यांनी 1907 साली भारतीय भाषांच्या पाहणीत तिला भिल्ली भाषांबरोबरच्या खंडात जागा दिली होती. अहिराणीला स्वतंत्र भाषा म्हणायचं की मराठीची बोली, हा वाद जाणकारांनी घालावा. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यापुढे त्या ओळीत दोन भाषा उभ्या असतात, एवढं तरी वादाच्या पलीकडचं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी किंवा भिल्ली बोलणाऱ्या घरांतून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढतं.

मग ही मुलं करतात ते वाचन की भाषांतर? इथे डेन्मार्कमधला एक प्रयोग फार उपयोगी आहे. आर्न्ट लुके याकोबसेन आणि क्रिस्टियान येन्सेन यांनी 2008 साली तो प्रसिद्ध केला. भाषांतरकार आणि भाषांतराचे विद्यार्थी यांच्या डोळ्यांची हालचाल चार प्रकारच्या वाचनात तपासली: नुसतं समजून घेण्यासाठी वाचणं, पुढे भाषांतर करायचंय हे मनात धरून वाचणं, वाचता वाचता तोंडी भाषांतर करणं, आणि वाचता वाचता ते टंकलिखित करणं. मजकूर साधारण सारख्याच तोलाचा. पण काम जसं चढत गेलं तसं डोळ्याचं ठरणं वाढत गेलं. नुसतं ‘याचं पुढे भाषांतर करायचंय’ एवढं ठाऊक असलं तरी डोळा जास्त वेळा थांबू लागला, एकही शब्द अजून भाषांतरित झालेला नसताना.

आपल्या मुंबईतही या दिशेनं भक्कम काम झालंय. आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटात अभिजित मिश्रा यांनी, भाषांतरप्रक्रियेचे अभ्यासक मिखाएल कार्ल यांच्यासह, 2013 साली एक पद्धत मांडली. वाक्य भाषांतराला किती अवघड आहे हे माणसाला विचारून ठरवण्याऐवजी भाषांतरकाराच्या नजरेनं त्यावर किती वेळ घालवला यावरून ठरवायचं. वाक्याची लांबी, त्यातल्या शब्दांचे अनेक अर्थ आणि रचनेची गुंतागुंत, या तीन गोष्टींवरून त्या अवघडपणाचा अंदाज बांधता येतो, असं त्यांनी दाखवलं. माणसाचं ‘सोपं होतं’ म्हणणं एकीकडे आणि डोळ्याची नोंद दुसरीकडे. या कामानं डोळ्याची नोंद प्रमाण धरली.

ही दोन कामं शेजारी ठेवली की शिरपूरच्या वर्गातलं ते थबकलेलं बोट मला निराळं दिसतं. व्यावसायिक भाषांतरकार थांबतो त्याला आपण मेहनत म्हणतो. तीच मेहनत सात-आठ वर्षांचं पोर कुणी न शिकवता, पगार न घेता, मिनिटाच्या घड्याळाखाली करतं, तेव्हा तिला वेगाची उणीव म्हणणं हा अन्याय आहे. अभियानाच्या उद्दिष्टात ‘अर्थ समजून’ हे शब्द आहेत, हे मी विसरत नाही. पण घाईच्या तपासणीत घड्याळाचा आकडा हाती लागतो आणि अर्थ सुटून जातो.

संशोधनाचा आणखी एक धागा थेट आपल्या घरांपर्यंत येतो. कानावर पडलेला शब्द नजरेला ओढून नेतो, हे अजिंठ्याला गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. जळगावला उतरून लेण्यांत गेलेला माणूस 17व्या लेण्यात शिरतो तेव्हा भिंत त्याला गर्दीची वाटते. गाईडनं ‘तो हत्ती पाहा’ म्हटलं की हत्ती दिसतो, आणि त्याच्या आधारानं कथेतला पुढचा प्रसंग. रशियातल्या आल्फ्रेड यार्बुस यांनी इल्या रेपिनच्या एकाच चित्रावर हे मोजलं. माणसांची वयं ओळखा म्हटलं की बघणाऱ्याची नजर चेहऱ्यांवर फिरे, घरची सांपत्तिक स्थिती सांगा म्हटलं की कपड्यांवर आणि सामानावर. फाल्क ह्यूटिग आणि रमेश मिश्रा यांच्या गटानं हीच वाट धरून उत्तर भारतात साक्षर आणि अल्पशिक्षित लोकांची नजर तपासली. पडद्यावर चार वस्तूंची चित्रं, कानावर हिंदी वाक्य. 2012 साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार चांगलं वाचता येणारे लोक विशेषण ऐकताच, नाम येण्याआधीच, योग्य वस्तूकडे वळत. अल्पशिक्षितांची नजर नाम ऐकल्यावर वळे. वाचनाची सवय ऐकण्यातल्या अंदाजालाही वेग देते, असा त्याचा अर्थ.

हा निष्कर्ष मी मान्य करतो, पण तो अल्पशिक्षितांच्या बुद्धीवरचा शेरा म्हणून वापरायला माझा सक्त विरोध आहे, आणि जळगावात बसून तो वापरणं तर शोभणारच नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी रचलेलं घरच्यांनी उतरवून घेतलं म्हणून उरलं, आणि त्या गेल्यावर 1952 साली त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ते पुस्तकरूपात आणलं, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आज इथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पुढचा शब्द कोणता येणार आणि यमक कुठे बसणार याचा अंदाज त्या बाईच्या कानात किती पक्का असेल! तो अंदाज जात्यावर आणि शेतात घडला. चार चित्रांच्या पडद्यापुढे तो मोजला जाणार नाही. यंत्र एका रीतीचा अंदाज मोजतं, आणि वाचन ती रीत शिकवतं. म्हणूनच अहिराणी किंवा लेवा बोली बोलणाऱ्या मुलाच्या हाती वाचन लवकर आणि नीट पडलं पाहिजे, यासाठी मी आग्रही आहे.

यंत्राच्या मर्यादाही आहेत. डोळा बराच वेळ थांबला तर तो अडला की रमला, हे नुसत्या नोंदीवरून कळत नाही. मूल मागे वळलं तर गोंधळलं की खात्री करून घेतली, हेही नाही. मुलाला विचारावं लागतं, आणि त्याच्या बोलीत विचारावं लागतं. शिवाय आता हे तंत्र मोबाइलच्या कॅमेऱ्यात आणि जाहिरातवाल्यांच्या हातात आलंय. मुलांची नजर टिपायची तर पालकांना सगळं समजावून, त्यांची संमती घेऊनच, आणि ती नोंद मुलाच्या प्रगतिपुस्तकात कधीही न लावता.

अलाहाबादच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांची हिंदी वाचतानाची नजर टिपून, जर्मनीतल्या पोट्सडाम विद्यापीठाच्या सहकार्यानं, हिंदी वाचनाचा संग्रह तयार झाला. तसा संग्रह बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठात व्हावा: पुस्तकी मराठी वाचणारी अहिराणी, लेवा, पावरी घरांतली मुलं, आणि शेजारी मराठी घरांतली. पण शिक्षकांनी तोवर थांबायचं कारण नाही. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माइल्स यांनी 1928 साली एक युक्ती सांगितली होती, तिला काहीच खर्च नाही. उताऱ्याच्या कागदाला मधोमध छोटं भोक पाडायचं, मुलासमोर तो कागद धरायचा आणि मागच्या बाजूनं त्या भोकाला आपला डोळा लावायचा. मुलाचे डोळे झेपावताना, ठरताना, मागे फिरताना स्पष्ट दिसतात. मिनिट मोजायचं नाही. जिथं डोळा रेंगाळला तो शब्द मनात धरायचा, आणि वाचून झाल्यावर विचारायचं, ‘हाई तुमना घरमा कसं म्हणतस?’ धुळे आणि जळगावच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी प्रत्येक प्रशिक्षणात यासाठी एक तास ठेवावा, आणि मुलांनी दिलेली उत्तरं शाळेच्या वहीत उतरवून ठेवायला सांगावं.