कल्ल्यांची साक्ष
ओहोटी लागली की उरणजवळ द्रोणागिरीत पाणजे पाणथळीच्या चिखलावर निवटे उड्या मारू लागतात. इथल्या पाण्यात एखादं रसायन उतरलं, तर ते माशांना किती घातक? हे पाहण्याची रूढ रीत क्रूर आहे: मासे त्या पाण्यात सोडायचे आणि ९६ तासांत किती मरतात ते मोजायचं.

स्वित्झर्लंडच्या एआवाग जलसंशोधन संस्थेतल्या क्रिस्टिन शिर्मर यांनी याला पर्याय उभा केला. कॅनडात नील्स बोल्स यांच्या प्रयोगशाळेत ट्राउट माशाच्या कल्ल्यांच्या पेशी वाढवल्या होत्या. त्याच पेशी रसायनात २४ तास ठेवायच्या, मग रंगद्रव्य घालायचं. जिवंत पेशींत ते चमकतं, मेलेल्यांत नाही. पाण्यातलं विष आधी कल्ल्यालाच भिडतं ना! मासळी ताजी आहे का, हे कोळीणसुद्धा कल्ला उघडूनच दाखवते. २०२१ मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही चाचणी स्वीकारली.

ट्राउट मात्र थंड पाण्यातला. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोत आपल्याकडच्या माशांच्या पेशीही जपल्या आहेत. उरणच्या खाडीचं पाणी अशा पेशींवर तपासलं जावं, आणि तेही लवकर, असं मला मनापासून वाटतं.