आवाज कुणासाठी?

एखाद्याला किती लोक ऐकतात, यावरून आपण त्याची थोरवी ठरवतो. हा निकष किती अपुरा आहे, हे वॉल्टर विंचेल या अमेरिकी पत्रकाराचं आयुष्य पाहिलं की कळतं.

विंचेल 1897 साली न्यूयॉर्कमधल्या एका गरीब ज्यू कुटुंबात जन्मला. शाळा लवकर सुटली आणि पोरवयातच तो नाच-गाण्याच्या फिरत्या खेळांत काम करू लागला. सोबतच्या कलाकारांच्या बारीकसारीक बातम्या लिहून तो पडद्यामागे भिंतीवर लावायचा. तोच पुढे त्याचा पेशा झाला. 1924 मध्ये तो ‘ईव्हनिंग ग्राफिक’ या टॅब्लॉइडमध्ये दाखल झाला. बनावट छायाचित्रं छापायलाही न कचरणारं हे पत्र. कुणाचा संसार मोडायला आला आहे, कोण कुणाबरोबर दिसलं, अशा कुजबुजींना विंचेलने तिथे सदराची प्रतिष्ठा दिली. 1929 पासून तो ‘डेली मिरर’मध्ये लिहू लागला आणि त्याचं सदर देशभरातल्या वृत्तपत्रांत छापलं जाऊ लागलं.

मग रेडिओ आला. 1932 च्या डिसेंबरपासून दर रविवारी रात्री पंधरा मिनिटं तो साऱ्या देशाशी बोलू लागला. मिनिटाला दोनशेच्या घरात शब्द, आणि मध्येमध्ये तारयंत्राची कडकड. ती कडकड तो स्वतःच करायचा. तिला काही अर्थ नसे, पण ऐकणाऱ्याला वाटे, बातमी आत्ता या क्षणी येऊन धडकली आहे. छापील मजकूर थांबून पुन्हा वाचता येतो, त्यावर शंका घेता येते. घरात घुमणारा आवाज ती सवड देत नाही. नटीचा घटस्फोट आणि युरोपातलं युद्ध एकाच घाईने कानावर पडत होतं. कशाला किती महत्त्व द्यायचं, हे ठरवायला श्रोत्याला उसंतच नव्हती.

त्या आवाजाने चांगलं काम केलंच नाही असं नाही. हिटलर सत्तेवर आला तेव्हापासूनच विंचेल त्याच्यावर तुटून पडला होता. युरोपच्या भानगडीत आपण पडू नये असं असंख्य अमेरिकनांना वाटत होतं, तेव्हा तो आपल्याच देशातल्या नाझी समर्थकांना उघडं पाडत होता. हे धाडस खरं होतं आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण तेच शस्त्र पुढे भलत्या दिशेला वळलं. 1951 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॉर्क क्लबमध्ये कृष्णवर्णीय असल्यामुळे आपल्याला धड वाढलं गेलं नाही, अशी तक्रार गायिका-नर्तकी जोसेफिन बेकर हिने केली. विंचेल त्या रात्री क्लबमध्ये होता. तो गप्प राहिला, असं तिने म्हटलं. ते त्याला झोंबलं. त्याने आपल्या सदरातून तिच्यावर हल्ला चढवला, तिला कम्युनिस्टांची हितचिंतक ठरवलं. त्या काळातल्या अमेरिकेत हा ठपका माणसाला संपवायला पुरेसा होता. पुढे जिथेतिथे कम्युनिस्ट शोधणाऱ्या सिनेटर मॅकार्थींच्या संशयाच्या राजकारणालाही त्याने साथ दिली.

याच माणसाच्या आयुष्यात आणखी एक प्रसंग आहे. डेमन रनयन हा नावाजलेला कथालेखक त्याचा मित्र होता. 1944 मध्ये घशाच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रियेत रनयनचा आवाज गेला. तो कागदावर लिहून बोलू लागला. शेवटच्या काळात दोघं रात्र रात्र बरोबर असत. विंचेलच्या गाडीतल्या रेडिओवर पोलिसांचे संदेश ऐकत शहरभर हिंडत. डिसेंबर 1946 मध्ये रनयन गेला. त्यानंतर विंचेलने रेडिओवरून कर्करोग संशोधनासाठी देणगी मागितली आणि सामान्य श्रोत्यांनी पैसे पाठवले. त्यातून उभी राहिलेली रनयनच्या नावाची संस्था आजही तरुण संशोधकांना पाठबळ देते. स्वतः विंचेल 1972 साली कर्करोगानेच वारला. ‘डेली मिरर’ 1963 मध्येच बंद पडला होता आणि त्याच्या सदरातली बहुतेक कुजबुज लोकांच्या विस्मरणात गेली होती.

या एका सत्कृत्याने बेकरवरचा अन्याय धुऊन निघत नाही. अशी वजाबाकी माणसाच्या आयुष्यात होत नाही. आणखी एक अवघड गोष्टही मान्य करायला हवी: मदतीची हाक इतक्या दूर पोहोचली, कारण कुजबुजीने जमवलेले श्रोते आधीच कान देऊन बसले होते. दोन्ही वेळी वक्ता तोच होता, कसबही तेच. फरक हेतूत होता. बेकरच्या बाबतीत तो दुखावलेल्या अहंकारासाठी बोलला, रनयनच्या बाबतीत ज्याचा आवाज गेला होता त्याच्यासाठी. श्रोते जमवणं हे कौशल्य आहे. त्यांच्या विश्वासाचं काय करायचं, हा शीलाचा प्रश्न आहे.

आज मोबाइल हातात असलेला प्रत्येक जण थोडाफार प्रसारक झाला आहे. घरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या बैठकीत, कचेरीतल्या चहाच्या वेळी आपल्यालाही कुणीतरी ऐकत असतं. एखाद्याविषयी कडू बोलायला तोंड उघडण्याआधी स्वतःला विचारा: हे मी खात्री करून बोलतो आहे, की दुखावलो आहे म्हणून? आणि ज्याचं म्हणणं कुणीच ऐकत नाही असा माणूस आपल्या ओळखीत असतोच. आज त्याच्यासाठी चार शब्द बोला.