चुकलेल्या आंकड्याची बाजू

पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाची परीक्षा कधीं होते? प्रयोग बरोबर उतरला असतां ती होत नाहीं, असें आम्हांस वाटतें. माध्यमिक शाळेंतला साधा लंबकच घेऊं. सुमारें एक मीटरचा दोरा, टोंकास धातूचा गोळा. वीस झोक्यांचा वेळ मोजून गुरुत्वजन्य प्रवेग काढावयाचा. पुस्तकांत तो ९.८ छापलेला असतो. एका मुलाचें उत्तर १०.९ येतें. शेजारचा हुशार गडी मात्र ९.८ आधीं धरून उलट गणितानें झोक्यांचा वेळ बसवितो, आणि त्याची वही वर्गांत सर्वांत सुबक ठरते. गुण कोणास द्यावे?

घाईतला शिक्षक १०.९ वर तांबडी रेघ ओढतो. त्या रेघेवरून वर्गास जो धडा मिळतो, तो पदार्थविज्ञानाचा खास नव्हे. जातिवंत शिक्षक विचारतो, "बाळ, पहिला झोका कोठून मोजलास?" मुलानें घड्याळ सुरू करतांनाच 'एक' म्हटलेलें असतें, म्हणजे वीस समजलेले झोके एकोणीसच! एकोणिसांचा वेळ विसांनीं भागला कीं उत्तर नेमकें १०.९ च्या घरांत जातें. निसर्ग त्या मुलाशीं खोटें बोललाच नव्हता. दुसऱ्याच्या सुबक वहींत मात्र विचारण्याजोगें कांहींच नाहीं. तीस वर्षें तोच लंबक टांगावयाचा, आणि दरवर्षीं नव्या मुलाचें तें 'एक' नव्या कुतूहलानें ऐकावयाचें, हें सोपें नव्हे. "शून्यापासून मोजा" असें आधींच सांगून टाकणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. पन्नास मुलें आणि लंबक एक, अशी बहुधा त्याची स्थिति असते.

वसईजवळच्या राजोडीसारख्या गांवीं तर समुद्रच दारीं आहे. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीस सहाचा सुमार. मुलांना वाळूंत काठी रोवून पंधरवडाभर पाहूं द्यावें. भरती रोज सरासरी पन्नास मिनिटांनीं लांबते, हिशेब पंचेचाळीस धरतो. हा फरक वहींत लिहिण्याचें धैर्य मुलास कोण देईल?

तें देणारे आमच्याकडे होऊन गेले. केरो लक्ष्मण छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेंत काम करून पुढें पुण्यास अध्यापक झाले. डेक्कन कॉलेजांत टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० सालीं त्यांचीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' प्रसिद्ध झालीं. १८६५ पासूनच्या पटवर्धनी पंचांगांत त्यांनीं आकाशांतील वेधांशीं जुळणारें गणित घातलें. त्याचे अनुयायी थोडेच निघाले; पण पंचांगासाठीं आकाश दुरुस्त करण्याची रीति त्यांनीं पतकरली नाहीं.

परीक्षक १०.९ ला गुण देत नाहीं, हा आक्षेप खरा आहे, आणि गरीब घरच्या मुलाचे गुण ही क्षुल्लक वस्तु नव्हे. म्हणून झोके पुन्हा मोजवावे, ९.८ येऊं द्यावें. पहिला आंकडा मात्र खोडूं देऊं नये. त्याखालीं मुलाकडून कारण लिहवून घ्यावें, आणि शिक्षकानें सही दोन्ही आंकड्यांखालीं करावी.