लटक्या औषधाचा खरा गुण

दुखण्याने तळमळणाऱ्या माणसाला औषध म्हणून नुसतं सलाईन टोचलं आणि त्याला आराम पडला, की भोवतालची माणसं निकाल देऊन मोकळी होतात : याला दुखत नव्हतंच, सगळे मनाचे खेळ. निकाल सोपा आहे, पण चुकीचा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांवर एक प्रयोग केला. दाढ काढल्यावर ठणका लागतो, तो कोणी खोटा म्हणणार नाही. अशा रोग्यांना लटकं औषध दिलं. काहींना गुण आला, काहींना नाही. मग नॅलॉक्सोन दिलं. हे औषध मॉर्फिनचा परिणाम पुसून टाकतं; अफूच्या जातीच्या औषधांचा डोस जास्त झाला तर जीव वाचवायला तेच वापरतात. ज्यांना लटक्या औषधाने आराम पडला होता, त्यांचं दुखणं नॅलॉक्सोनने वाढलं. बाकीच्यांना काही फरक पडला नाही.

आता इथे थोडं थांबू. या रोग्यांना मॉर्फिन दिलेलंच नव्हतं. मग नॅलॉक्सोनने पुसलं काय? उत्तर एकच निघतं : रोग्याच्या शरीरानेच मॉर्फिनसारखं काहीतरी तयार केलं होतं. तीनच वर्षांपूर्वी, १९७५ साली, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून अशी द्रव्यं वेगळी काढली होती. म्हणजे औषध लटकं असलं तरी गुण लटका नव्हता.

एका प्रयोगावर सगळी भिस्त ठेवू नये, हे खरं. पण इटलीत तुरीनला बेनेडेट्टी यांनी उलट बाजूने पाहिलं. खरंखुरं वेदनाशामक एकदा रोग्याला सांगून, त्याच्यासमोर दिलं. एकदा यंत्रातून गुपचूप सोडलं. गुपचूप दिलेल्याने आराम कमी पडला. औषध तेच, फक्त ते मिळतंय हे रोग्याला ठाऊक नव्हतं. ‘डॉक्टरांचा हातगुण’ म्हणून आपण जे मानतो, त्याचा एक वाटा असा मोजता येतो! पार्किन्सनच्या रोग्यांमध्ये तर २००१ साली व्हँकूव्हरच्या संशोधकांना लटक्या औषधाने मेंदूत डोपामिन, म्हणजे या रोगात कमी पडणारं द्रव्य, स्रवताना दिसलं.

याचा अर्थ साखरेच्या गोळीने सगळं बरं होतं असा कोणी काढू नये. पार्किन्सनमध्ये मरणाऱ्या पेशी तिने वाचत नाहीत. शिवाय पुष्कळ दुखणी आपोआपही ओसरतात आणि श्रेय गोळीला जातं. हे ओळखायला लटकं औषध घेणाऱ्यांची तुलना काहीच न घेणाऱ्यांशी करावी लागते. डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी २००१ साली अशा ११४ चाचण्या तपासल्या. एकंदरीत लटक्या औषधाचा परिणाम फारसा आढळला नाही. वेदनेच्या बाबतीत मात्र थोडा पण खरा फायदा उरला. मला हा निष्कर्ष निराशेचा वाटत नाही. दुखणं मेंदूतच जाणवतं, तेव्हा मेंदूचा हात तिथेच पोचणार.

म्हणून सलाईन टोचून दुखण्याचा खरेखोटेपणा तपासण्याची रीत बंद व्हावी. त्या सुईने आराम पडला, तर रोग्याच्या मेंदूतली वेदना शमवणारी यंत्रणा शाबूत आहे एवढंच कळतं.