रात्रपाळीचा अधिकार

ब्रिस्टलजवळच्या हॅम्ब्रुक गावात विंटरबोर्न व्ह्यू नावाचे २४ खाटांचे खासगी रुग्णालय होते. बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असलेल्या, आणि ज्यांना सांभाळणे घरच्यांना किंवा स्थानिक सेवांना झेपेनासे झाले अशा प्रौढांना तिथे तपासणी आणि उपचारासाठी ठेवले जाई. एका माणसामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड सरकारी तिजोरीतून जात. ३१ मे २०११ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली तिथली दृश्ये दाखवली. रुग्णांना थोबाडीत मारणे, केस ओढणे, खुर्चीखाली दाबून ठेवणे, अंगावरच्या कपड्यांसकट शॉवरखाली ढकलणे, हे सारे त्यात होते. ११ कर्मचाऱ्यांनी गुन्हा कबूल केला, सहा जण तुरुंगात गेले आणि रुग्णालय बंद झाले.

माणसे दुष्ट होती, त्यांना शिक्षा झाली, असे म्हणून हा विषय मिटवता आला असता. मार्गारेट फ्लिन यांनी २०१२ मध्ये दिलेल्या चौकशी अहवालाने तो मिटू दिला नाही. २०१० या एका वर्षात रुग्णांना बळाने धरून ठेवल्याच्या ३७९ नोंदी रुग्णालयाने स्वतःच करून ठेवल्या होत्या. रुग्णांच्या सुरक्षिततेबाबत ४० इशारे स्थानिक कौन्सिलकडे गेले होते. कायद्याने बंधनकारक असलेला नोंदणीकृत व्यवस्थापक बराच काळ जागेवरच नव्हता. काम मुख्यतः बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या अल्पप्रशिक्षित मदतनीसांवर चाले. त्यांना जे काही शिकवले गेले त्याचा भर रुग्णाला आवरायचे कसे यावर होता. रुग्णांना दिवसभर करण्यासारखे तिथे जवळजवळ काहीच नव्हते.

आणि एक माणूस बोललाही होता. टेरी ब्रायन हे तिथले अनुभवी परिचारक. ऑक्टोबर २०१० मध्ये त्यांनी व्यवस्थापनाला लेखी कळवले की इथे रुग्णांना छळले जात आहे. तक्रार नियामक संस्थेपर्यंत पोहोचली. तिथूनही हालचाल झाली नाही, तेव्हा ते बीबीसीकडे गेले.

काळजीसेवेतल्या नेतृत्व विकासाबद्दल जे काही बोलले जाते ते मी या एका माणसाच्या कसोटीवर घासून पाहतो. ब्रायन यांच्याकडे कोणता गुण कमी होता? त्यांना चूक दिसली, ती त्यांनी वेळेवर आणि लेखी सांगितली, स्वतःच्या नोकरीची पर्वा न करता सांगितली. कोणत्याही अभ्यासक्रमाने याहून अधिक काय शिकवावे? उणीव होती ती त्यांच्या वरच्या प्रत्येक पायरीवर.

इंग्लंडमध्ये अशा प्रशिक्षणाची वानवा नाही. राष्ट्रीय आरोग्य सेवेने, म्हणजे एनएचएसने, २०१२ मध्ये नेतृत्व अकादमी काढली. पहिल्यांदाच एखाद्या गटाची जबाबदारी घेणाऱ्यांसाठी तिचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे आणि त्याला क्रिमियन युद्धात जखमी सैनिकांची सेवा करणाऱ्या मेरी सीकोल यांचे नाव दिलेले आहे. असे अभ्यासक्रम निरर्थक आहेत असे मी म्हणणार नाही. पण २०१९ मध्ये डरॅम परगण्यातल्या व्होर्लटन हॉल या रुग्णालयातून पुन्हा तशीच दृश्ये बाहेर आली, पुन्हा ‘पॅनोरमा’मधूनच. वर्गात शिकून वॉर्डात परतलेल्या माणसाच्या हाती शिकलेले वापरण्याचा अधिकार आणि वेळ नसेल, तर शिक्षण प्रमाणपत्रापुरते उरते.

याचे कारण फार पूर्वी शोधले गेले आहे. मनोविश्लेषक इझाबेल मेन्झिस यांनी लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास केला आणि १९६० च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. दुःख, घाण, मृत्यू यांच्या सतत सहवासाने मनात जी भीती साठते ती सोसवेना म्हणून सगळे रुग्णालयच नकळत स्वतःभोवती तटबंदी उभारते, असे त्यांनी दाखवले. काम तुकड्यांत वाटायचे, म्हणजे कोणा एका रुग्णाशी नाते जुळत नाही. रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने आणि आजाराने ओळखायचे. लहानसाही निर्णय वर ढकलायचा. यात मनाला लागत काही नाही, पण काळजी घेणेही उरत नाही. शिकायला आलेल्या मुलींपैकी कितीतरी जणी मध्येच सोडून जात, आणि त्यांत चांगल्याही असत. मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता यांच्या वॉर्डात ही तटबंदी अधिकच जाड होते, कारण इथला रुग्ण पंधरवड्यात बरा होऊन हात जोडून निरोप घेत नाही. तो वर्षानुवर्षे राहतो, कधी चावतो, कधी थुंकतो, आणि त्याला काय होते आहे ते सांगू शकत नाही.

हे शेवटचे वाक्य जिवावर बेतणारे आहे. समजा, बोलता न येणारा एक तरुण संध्याकाळपासून भिंतीवर डोके आपटतो आहे. पाळीवरचा नवा मदतनीस म्हणेल, हा मुद्दाम करतो, धरा याला. त्याला चार वर्षे जेवू घालणारी बाई म्हणेल, याची दाढ दुखते आहे, परवापासून हा डाव्या बाजूने चावत नाही. त्या क्षणी वॉर्डात कोणाचा शब्द चालतो यावर तरुणाला दंतवैद्य भेटणार की जमिनीवर दाबून धरणारे सहा हात, हे ठरते. ब्रिस्टल विद्यापीठातून २०१३ मध्ये पूर्ण झालेल्या चौकशीत असे आढळले की बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ वर्षे आणि स्त्रिया २० वर्षे आधी मरत होत्या. दुखण्याला ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून सोडून देणे, हे त्यामागचे एक कारण आहे. म्हणून या क्षेत्रातले नेतृत्व मला त्या बाईच्या ठायी दिसते. तिचे म्हणणे ऐकून घेणारी आणि त्यावर निर्णय घेऊ शकणारी इन्चार्ज सिस्टर ही तिची पहिली वरिष्ठ. विकास करायचा तो या दोघींचा.

तो कसा, हेही ठाऊक नाही असे नाही. आठवड्यातून एकदा, कामाच्या वेळेतच, आपल्याला कोणाचा राग आला, कोणाची भीती वाटली हे जाणत्या माणसासमोर बोलता आले पाहिजे. पाळी बदलताना नुसत्या औषधांची नव्हे, माणसांची माहिती पुढच्या पाळीला देण्याएवढा वेळ हवा. मनुष्यबळ अपुरे असेल तर नवा रुग्ण नाकारण्याचा अधिकार वॉर्डप्रमुखाला हवा. शिकवणाऱ्यांत स्वतः बौद्धिक अक्षमता असलेली माणसेही हवीत. ऑलिव्हर मॅकगोवन या १८ वर्षांच्या मुलाच्या २०१६ मधील मृत्यूनंतर त्याच्या आईवडिलांनी अशा प्रशिक्षणासाठी लढा दिला. २०२२ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या सेवांना बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम याविषयीचे प्रशिक्षण बंधनकारक झाले, आणि ऑलिव्हरच्या नावाच्या अभ्यासक्रमात अशी माणसे शिकवायला असतात. इतक्या वर्षांत उचललेले हे सर्वांत शहाणपणाचे पाऊल आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पगार तुटपुंजे, पदे रिकामी, आणि तुम्ही नेतृत्वाच्या गोष्टी करता! खरे आहे; पगाराऐवजी कार्यशाळा देणे हा कर्मचाऱ्याचा अपमानच. पण विंटरबोर्न व्ह्यूमध्ये पैसा कमी नव्हता. तो वॉर्डात माणसे घडवण्यासाठी खर्च झाला नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांची निवासगृहे वेगळी. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की तात्काळ धोका टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच रुग्णाला जखडता येईल, तेही प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने आणि नोंद करून. कायदा उत्तम आहे. पण रात्री दोन वाजता त्या रुग्णासमोर मनोविकारतज्ज्ञ उभा नसतो. असते ती अधिपरिचारिका आणि कक्षसेवक. निवासगृहात तर फक्त मावशी. भारतीय पुनर्वास परिषद विशेष शिक्षकाची नोंदणी करते. या मावशीची नोंद मात्र तिथे सहसा नसते.

आपल्या माणसाला एखाद्या संस्थेत ठेवण्याची वेळ आली, तर बाग आणि भिंतीवरची प्रमाणपत्रे पाहून परत येऊ नका. रात्रपाळीला जबाबदार कोण असते ते विचारा, तिला भेटा. गेल्या वर्षभरात तिने वर कळवलेली एखादी अडचण आणि तिच्यावर झालेली कारवाई दाखवायला सांगा. आणि तुम्ही अशा संस्थेचे विश्वस्त असाल, तर यंदाच्या अंदाजपत्रकात तिच्या पगाराची, तिच्या शिकण्याच्या वेळेची आणि त्या वेळेत तिच्या जागी उभ्या राहणाऱ्या माणसाची तरतूद सगळ्यांत आधी करा.