जिंकणाऱ्याचे दुःख



हरलेल्या माणसाला दुःख होते, हे कोणालाही समजते. दारिद्र्याने दुःख होते, अन्यायाने दुःख होते, हे तर आपल्याला कोणी शिकवायला नको. ते आपल्या वाडवडिलांनी अंगावर सोसले आहे. परंतु ज्याला दारिद्र्य नाही, ज्याच्यावर अन्याय नाही, जो सतत जिंकत आहे आणि ज्याच्या गळ्यात हार पडत आहेत, तो माणूस आतून जळत असेल तर त्याचे कारण काय? तथागतांनी या जळण्याचे मूळ तृष्णेत दाखविले. विहारात आपण हे ऐकतो आणि मान डोलावतो. पण मनात कोठेतरी वाटत राहते की, एकदा यश मिळाले की दुःख संपेल. हे वाटणे खरे की खोटे, हे आज दूरच्या एका देशातील माणसांच्या उदाहरणावरून तपासून पाहू.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्याकडील फुटबॉलहून वेगळा आहे. लंबगोल चेंडू हातात धरून धावायचे, डोक्यावर शिरस्त्राण घालायचे आणि धडका द्यायच्या-घ्यायच्या. तेथील विद्यापीठांचे संघ ऑगस्टच्या अखेरीपासून, बहुधा शनिवारी, वर्षाला सुमारे बारा सामने खेळतात. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात 1 लाख 7 हजारांहून अधिक माणसे बसतात. या संघांच्या प्रशिक्षकांना इतका पगार मिळतो की, बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल नसून फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो.

आता या प्रशिक्षकाचा दिवस पाहा. सामन्यांच्या दिवसांत तो रात्री उशिरापर्यंत प्रतिस्पर्ध्याच्या खेळाचे चित्रीकरण पुनःपुन्हा पाहत बसतो. सामने संपले की सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन, त्यांच्या आईवडिलांची मनधरणी करून, पुढच्या वर्षांसाठी खेळाडू गोळा करतो. 2021 पासून खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची मुभा मिळाली. त्यामुळे गोळा केलेला संघही हातात राहील याची खात्री उरली नाही. म्हणजे बाराही महिने सामना चालूच असतो.

अशा तीन माणसांची हकीगत सांगतो. तिघेही यशस्वी होते, हे ध्यानात ठेवा.

पहिले आरा पार्सेगियन, आर्मेनियन स्थलांतरिताचे चिरंजीव. 1964 साली ते नोटर डेम विद्यापीठात आले, तेव्हा संघाने आदल्या वर्षी नऊपैकी केवळ दोन सामने जिंकले होते. त्यांनी 1966 आणि 1973 अशी दोनदा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली. 1973 साली संघ एकही सामना हरला नाही. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, 1974 च्या डिसेंबरात, वयाच्या 51 व्या वर्षी त्यांनी राजीनामा जाहीर केला. शरीर थकले आहे, मन रिते झाले आहे, हे कारण त्यांनी दिले. पुन्हा त्यांनी कोणत्याही संघाचे प्रशिक्षण केले नाही.

दुसरे अर्बन मायर. फ्लोरिडा विद्यापीठाला त्यांनी 2006 आणि 2008 च्या हंगामात अजिंक्यपद मिळवून दिले. 2009 च्या डिसेंबरपर्यंत त्यांचा संघ ओळीने 22 सामने जिंकला होता. 5 डिसेंबर रोजी अलाबामाकडून एक सामना हरला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे छातीत दुखू लागल्याने मायर रुग्णालयात होते. 26 डिसेंबरला त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले आणि 27 डिसेंबरला ते मागे घेऊन केवळ रजा घेतो असे सांगितले. वर्षभराने पुन्हा राजीनामा दिला. त्यानंतर आणखी एका वर्षाच्या आत ते दुसऱ्या विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. जाण्यापूर्वी घरच्यांनी त्यांच्याकडून वेळेवर जेवण, झोप आणि कुटुंबाची आठवण ठेवण्याचा लेखी करार करून घेतला होता. विचार करा, कोट्यवधी कमावणाऱ्या माणसाला वेळेवर जेवण्यासाठी मुलाबाळांना करार लिहून द्यावा लागतो!

तिसरे क्रिस पीटरसन. त्यांचा बॉइझी स्टेटचा संघ 2006 आणि 2009 साली अपराजित राहिला. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठालाही त्यांनी मोठे यश दिले. 2019 साली, वयाच्या 55 व्या वर्षी, कोणी काढले नसताना ते आपण होऊन बाजूला झाले.

या अवस्थेला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. म्हणजे जळून जाणे. तव्यावरची भाकरी करपावी तसे मन करपणे. गयाशीर्षावर तथागतांनी जटिल भिक्खूंना जो उपदेश केला, त्याचाही विषय जळणे हाच होता. डोळे, कान, मन हे सारे राग, द्वेष आणि मोह यांच्या अग्नीने पेटलेले आहे, असे त्यांनी दाखविले. हा अग्नी तेल संपले म्हणून विझत नाही, कारण प्रत्येक विजय त्यात नवे तेल ओततो. हरणारा माणूस म्हणतो, एकदा जिंकलो की पुरे. जिंकणाऱ्याला तसे म्हणता येत नाही. कालचा विजय हा आज त्याचा कमीत कमी हिशेब होतो. 22 सामने जिंकले तर तेविसावा जिंकणे हे यश राहत नाही. तो न जिंकणे हा मात्र अपराध ठरतो. लाभ आणि अलाभ, यश आणि अपयश, निंदा आणि प्रशंसा, सुख आणि दुःख हे आठ लोकधर्म तथागतांनी जोडीजोडीने सांगितले, ते याचसाठी. ज्याने आपले मन प्रशंसेच्या खुंटीला टांगले, त्याने ते निंदेच्याही खुंटीला टांगलेच.

परंतु सगळा दोष त्या एकट्या माणसावर टाकणे न्यायाचे होणार नाही. तृष्णा एका माणसाची असते तशी जमावाचीही असते. 2023 च्या नोव्हेंबरात टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर या प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी काढून टाकले, आणि करारापोटी त्याला साडेसात कोटी डॉलर्सहून अधिक रक्कम देणे पत्करले. या माणसाने दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या विद्यापीठाला अजिंक्यपद मिळवून दिले होते. लोकांना धीर धरवत नव्हता, म्हणून एका विद्यालयाने एवढा पैसा माणूस घालविण्यासाठी खर्च केला. आणि ज्यांच्या अंगावर धडका बसतात ते खेळाडू? त्यांत कृष्णवर्णीय तरुणांची संख्या मोठी. शिष्यवृत्ती आणि राहण्या-शिकण्याच्या खर्चापलीकडे त्यांना 2021 पर्यंत आपल्या नावावर पैसा कमावण्याची बंदी होती, आणि विद्यापीठांकडून थेट वाटा 2025 पासून मिळू लागला. कष्ट एकाचे आणि मोबदला दुसऱ्याचा, ही रीत आपल्याला अनोळखी नाही. ज्या व्यवस्थेत खालचा भरडला जातो, तिच्यात वरचाही सुखी नसतो, एवढे यातून शिकण्यासारखे आहे.

आता तुमच्यापैकी कोणी विचारील : “हे पोट भरलेल्यांचे दुःख आम्हाला कशाला सांगता? आमची मुले तर आता कोठे पहिली पायरी चढत आहेत. बाबासाहेबांनी ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असे सांगितले; तुम्ही काय स्वस्थ बसायला सांगणार?”

प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. धम्म आळस शिकवीत नाही. सम्यक व्यायाम हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे आणि वीर्य ही पारमिता आहे. प्रश्न कष्ट करावेत की नाही हा नाही. कष्टाची गाठ कशाशी बांधावी हा आहे.

बाबासाहेबांकडेच पाहा. 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडले. 1952 च्या लोकसभा निवडणुकीत ते मुंबईत पराभूत झाले. 1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पराभूत झाले. शरीर मधुमेहाने पोखरले होते. ज्याचे मोल विजयावर ठरते असा माणूस येथे संपला असता. पण 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. दोन पराभवांनंतर एवढे कार्य कसे झाले? कारण त्यांचे कष्ट पहिला क्रमांक राखण्यासाठी नव्हते. ते माणसांना माणूसपण मिळावे यासाठी होते. त्यांनी प्रकृतीची पर्वा केली नाही, हे खरे. पण त्यांचे आजारपण हे आपण अनुकरण करण्याची गोष्ट नव्हे, ते आपल्यावरचे ऋण आहे.

पार्सेगियन यांचेही पुढचे आयुष्य हेच सांगते. त्यांच्या तीन नातवंडांना एक दुर्धर आनुवंशिक रोग झाला. 1994 साली, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी त्या रोगावरील संशोधनासाठी संस्था काढली. तिन्ही नातवंडे गेली. खेळाच्या भाषेत हा पूर्ण पराभव. तरीही संस्थेचे काम चालू राहिले, आणि 2017 साली 94 व्या वर्षी ते निवर्तले. जिंकत असताना जो माणूस रिता झाला, तोच हरत असतानाही दुसऱ्यांच्या मुलांसाठी काम करू शकला. म्हणजे त्याला श्रमांनी नव्हे, विजयाच्या ओझ्याने थकविले होते, असेच मला वाटते.

सोण नावाचा श्रीमंत घरचा तरुण भिक्खू झाला आणि पाय रक्ताळेपर्यंत चंक्रमण करू लागला. फळ मिळेना, तेव्हा परत घरी जावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला वीणेचीच आठवण दिली : तार फार ताणली तरी सूर निघत नाही, फार सैल सोडली तरी निघत नाही. त्यांनी सोणाला वीणा टाकून दे असे सांगितले नाही. तार लावायला शिकविले.

म्हणून उपासकहो, घरात मूल अभ्यासाला बसले की त्याच्या शेजारी आईबाप म्हणून बसा, क्रीडांगणातील प्रेक्षक म्हणून बसू नका. आपल्या घरातील पहिला पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलाच्या खांद्यावर साऱ्या वस्तीच्या आशा असतात. त्याला हे कळू द्या की, निकाल काहीही लागला तरी ताटात त्याची भाकरी आहे आणि घरात त्याची जागा आहे. आणि कष्टाने पद मिळविलेल्यांनी रात्री क्षणभर स्वतःला विचारावे : हे मी कोणाच्या हितासाठी करीत आहे? उद्या हे पद गेले तर माझ्यात काय उरेल? निब्बाण म्हणजे विकारांवर ताबा, असे बाबासाहेबांनी आपल्याला समजावून दिले. तो ताबा मेल्यानंतरचा नाही. तो याच घरात, याच कामात, आजच्या यशात आणि आजच्या अपयशात मिळवायचा आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.