लाव्याचे वजन आणि आपली अमानत

बनी इस्राईलना वाळवंटात लाभलेला ‘सलवा’ म्हणजे लावा, अर्थात बटेर किंवा तत्सम पक्षी, असे बहुतेक भाष्यकार सांगतात. त्याच कुळातील जपानी लावा १९७४ साली भारतात आला. मूळचा हा पक्षी सुमारे शंभर ग्रॅमचा. दर पिढीत वजनदार पिलेच पैदाशीसाठी निवडल्याने मांसासाठीचे काही वाण २५० ग्रॅमच्याही पुढे गेले आहेत.

ही अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ आहे काय? वाचकहो, पिलापिलांतील फरक अल्लाहनेच ठेवला आहे. त्यातून निवड करणे मुळात निषिद्ध म्हणता येणार नाही. प्रश्न मर्यादेचा आहे. दीर्घकाळ केवळ वजनासाठी निवडलेल्या लाव्यांत प्रजननक्षमता घटल्याचे आढळले आहे. मुका जीव आपली तक्रार अशीच मांडतो.

पोट पाठीला लागलेला उंट पाहून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुक्या जनावरांबाबत अल्लाहचे भय बाळगण्याची ताकीद दिली. तेथे उपासमार होती, येथे अतिभार आहे, जबाबदारी तीच. म्हणून पाळणाऱ्याने जोड्या निवडताना वजनाबरोबर पक्ष्याचे आरोग्य व प्रजननही पाहावे. आपणही बाजारात केवळ मोठाच पक्षी मागू नये; त्या मागणीचा हिशेब आपल्यालाही द्यावा लागेल.